अकरा डोळ्यांवर

माझी झाडं उलटी उभी असतात.
मूळ वर, पानं खाली.
मुळाशी अधिकचं चिन्ह, नाहीतर गुणिले,
आणि पानांच्या जागी आकडे :
रात्रीचं तापमान, दहिवर,
पान किती तास ओलं राहिलं ते.

मणेराजुरीत, मोटरीच्या खोलीत,
स्टार्टरच्या पेटीशेजारी लॅपटॉप ठेवून
मी अशी पाचशे झाडं लावते एका वेळी.
बागेत डाऊनी कधी उतरणार
हे जे जवळपास सांगेल ते राहतं.
बाकीची पुसली जातात,
चुलीच्यासुद्धा कामाला येत नाहीत.

आधी मी उत्तर एका ओळीत लिहीत होते,
तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं.
दोन ओळी मधेच तोडून जोडल्या
की एखादा कंस उघडा राहायचा,
एखादा भागिले हात पसरून उभा, पुढे कुणीच नाही.
मग झाड केलं.
झाड कुठूनही कापा, निघते ती अख्खी फांदी,
आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसते.
"म्हंजे कलमच की," भरमू ऐवळे म्हणाला,
"डॉगरीजवर भरतो तसं."
"व्हय. फक्त चीक येत नाही."

चाळिसाव्या पिढीपर्यंत अंदाज सुधारला.
त्यानंतर नुसती झाडं वाढली.
एक तर तीनशे तेरा गाठींचं,
स्क्रीनवर मावेना, बोटानं ओढत राहायचं
डावीकडे, अजून डावीकडे,
आणि तिथे, आठव्या पेऱ्यावर,
तापमान वजा तेच तापमान.
शून्य.
त्या शून्यानं गुणायला एक भलीमोठी फांदी,
चव्वेचाळीस पानांची, हिरवीगार,
कुणाच्याच कामाची नाही.

कापली.
अंदाज तसूभर हलला नाही.
मला चेव आला. नियमच केला :
जो जाड, त्याचे गुण कापा.
दहा पिढ्यांत बाग उघडीबोडकी झाली
आणि चांगली झाडंही मरू लागली.
आजवर कात्री त्या फुकट्या फांदीवर पडत होती,
आता दर वेळी नेमकी घडावर.

बाहेर भरमूची टोळी फेलफुटी काढत होती.
एक वांझ फूट त्यानं ओलांडली.
"ही का ठेवलीस?"
"घड न्हाई तिला, पण पान हाय की, ताई.
खालच्या घडाला ऊन लागतंय."
आणि पुढच्या वेलीवरच्या तसल्याच दोन
बघता बघता मोडून टाकल्या.
का, ते मी विचारलं. त्यानं खांदे उडवले.

यातून मी बोध वगैरे घेतला नाही.
दंडाचा आकडा तेवढा बदलला,
शून्य दशांश एकच्या जागी
शून्य दशांश शून्य एक,
आणि रात्रभर मोटरीच्या घरघरीत
पिढ्या जाऊ दिल्या.

सकाळी दोन उरली.
एक तेच, तीनशे तेराचं,
फार तर अर्ध्या दिवसानं चुकणारं.
दुसरं अकरा गाठींचं, सहा पानं, पाच सांधे,
कधी कधी दीड दिवस चुकतं.
धाकट्याचा हिशोब मी सुभानतात्यांना
फोनवरच सांगितला.
त्यांनी तो औषधाच्या खोक्यावर मार्करनं लिहिला,
मग विचारलं, "आणि थोरल्याला 'का' म्हणून विचारलं तर?"
"तो सगळंच सांगतो."
"सगळंच म्हंजे काहीच न्हाई."

शुक्रवारी धाकटं म्हणालं, रविवारी.
थोरलं म्हणालं, सोमवारी रात्री.
तात्यांनी शनिवारीच फवारलं.
डाऊनी आली नाही.

कोण बरोबर होतं, आता कुणालाच कळणार नाही.
भरमूनं कात्री बादलीत बुडवून धुतली,
पायजम्याला पुसली.
मी वहीत त्या आठवड्याची ओळ
कोरी सोडली.